डोंगरावरचं शटर

डोंगराच्या कमरेवर शटर बसवणारी माणसं जगात आणखी कुठे असतील असं मला वाटत नाही. ती आमच्या घरात आहेत. माझ्या सख्ख्या भावाने ते बसवलं आणि त्यात काही चुकलं असं त्याला आजही वाटत नाही. हे लिहिताना मला राग येतोय, आणि तो गिळून गोड गोड लिहायची माझी अजिबात इच्छा नाही.

भिवंडीतून निघून शेलार गाव मागे टाकलं आणि गोदामांची रांग संपत आली की आमचं माहेरचं गाव लागतं. गावामागे डोंगर आहे. डोंगराच्या मध्यावर एक सपाट माळ आहे, ती आमची वरकस जमीन, म्हणजे जिथे भात होत नाही, नुसतं गवत होतं अशी. दिवाळीच्या आगेमागे ते गवत कापायचं, भारे बांधून खाली उतरवायचे आणि मुंबईच्या तबेल्यांना पाठवायचे, हा माझ्या वडिलांचा धंदा. कापणीचे पंधरा-वीस दिवस बाबा आणि कापणारी माणसं वरच राहायची. त्यासाठी तिथे एक खोप होती. कमरेएवढी दगडी भिंत, वर सागाचे वासे, त्यावर गवताची शाकारणी. छप्पर इतकं खाली उतरलेलं की आत शिरताना वाकावं लागे. दार नव्हतं.

लहानपणी मी बाबांना विचारलं होतं, दार का नाही म्हणून. ते भारा बांधत होते. मान वर न करता म्हणाले, "दार कशाला पायजे? भिजलेला मानूस आला तर त्याला उघडाय कोन बसलाय इथं?"

खोपीचा एक रिवाज होता आणि तो कोणी लिहून ठेवलेला नव्हता. तिथून निघणाऱ्याने चार सुकी लाकडं छपराच्या आतल्या बाजूला खोचून ठेवायची आणि झऱ्यावरून मडकं भरून आणून झाकून ठेवायचं. आपल्यानंतर कोण येणार हे माहीत नसताना हे करायचं. बाबा घाईत असले तरी एवढं केल्याशिवाय उतरायचे नाहीत, आणि आम्ही पोरं कंटाळून पुढे पळालो तर हाक मारून परत बोलवायचे.

पुढे डोंगर चढायला शहरातली मंडळी येऊ लागली. पाठीवर पिशव्या, पायात जाड बूट. बाबांना त्यांचं काही केल्या कळायचं नाही. "काम न्हाय, धंदा न्हाय, वर कशाला चढतात रं ही?" असं ते प्रत्येक पावसाळ्यात विचारायचे. पण ही माणसं पावसाळ्यातच येतात आणि पावसात खोप गळते हे लक्षात आल्यावर त्यांनी मे महिन्यातही खोप शाकारायला सुरुवात केली. पावसात गवत कापायचं नसतं, म्हणजे त्या शाकारणीचा आम्हाला काडीचाही उपयोग नव्हता. बाबांनी ती शेवटपर्यंत केली, सत्तरी उलटल्यावरसुद्धा, कोणालाही न सांगता.

माझं भिवंडीत टेमघरला शिवणाचं दुकान आहे. बसून बसून गुडघे धरले तेव्हा डॉक्टरांनी चालायला सांगितलं, आणि रस्त्यावरच्या कंटेनरांमधून चालण्यापेक्षा मी माहेरच्या डोंगरावर जायला लागले. हळूहळू आम्ही चौघीजणी झालो. महिन्यातून एक रविवार वर जायचं, खोपीत बसून डबा खायचा, मडकं भरायचं, उतरायचं. त्या रविवारची मी महिनाभर वाट बघायचे.

बाबा गेले. दादाने ठरवलं की खोपीच्या जागी त्यांच्या नावाने पक्का निवारा बांधायचा. दादा वाईट माणूस नाही, हे मला लिहावं लागतं आणि लिहिताना दात खावे लागतात. आमची खालची शेतं केव्हाच गोदामांना गेली, त्याचं भाडं येतं, दादाचं बरं चाललं आहे. बाबांना अग्नी देताना तो लहान मुलासारखा रडला होता. त्याला बाबांसाठी काहीतरी मोठं करायचं होतं. पण ज्या माणसाने वीस वर्षं गोदामांशिवाय काही बांधलं नाही, त्याने डोंगरावरसुद्धा गोदामच बांधलं.

त्याच्या नेहमीच्या ठेकेदाराला एकच नकाशा येतो. चार भिंती, खाली कोबा, वर निळा पत्रा, समोर शटर. गवताचा ट्रॅक्टर जिथवर जातो तिथवर सामान गेलं, पुढे माणसांनी वाहिलं. शटरची गुंडाळी बांबूला बांधून आठ जणांनी वर नेली. मी ते बघायला गेले होते. भिंतींवर पत्रा अगदी काठोकाठ कापलेला पाहून मी ठेकेदाराला विचारलं, बाहेर थोडी पडवी का नाही काढली? तो म्हणाला, "मॅडम, पत्रा बाहेर काढला की वारा उचलतो." गोदामासाठी ते खरं असेल. खोपीसाठी मी त्याच्याशी भांडायला हवं होतं. मी गप्प बसले, आणि उद्घाटनाच्या दिवशी नवी साडी नेसून टाळ्यासुद्धा वाजवल्या. संगमरवराच्या पाटीवर बाबांचं नाव बघून डोळे भरून आले होते, दुसरं काय सांगू.

पहिला महिना शटर उघडं होतं. मग कोणीतरी आत दारू पिऊन बाटल्या फोडल्या. दादाने त्याच दिवशी कुलूप घातलं, चावी घरी नेली आणि शटरवर रंगाने लिहून घेतलं, "चावीसाठी संपर्क", खाली स्वतःचा मोबाइल नंबर. त्या माळावर मोबाइलला रेंज येत नाही. रेंज पकडायला वीस मिनिटं खाली उतरावं लागतं. हे दादाला ठाऊक आहे, तो त्याच डोंगराच्या पायथ्याशी वाढला आहे. मी फोनवर हे म्हटलं तर म्हणाला, "अगं, मग येताना घरून चावी घेऊन जायची ना. मी न्हाय म्हणतो का कोणाला?"

मी न्हाय म्हणतो का. दादाच्या तोंडी हे वाक्य कायम असतं, आणि त्या वाक्यासमोर कोणाचं काही चालत नाही.

ऑक्टोबरात एका रविवारी आम्ही चौघी निघालो. मी दादाकडून चावी आणली नव्हती, मुद्दाम आणली नव्हती. माझ्या बापाच्या खोपीची चावी मी मागायची? दुपारी माळावर पोचलो तोच आभाळ काळंठिक्कर झालं आणि विजा सुरू झाल्या. त्या दिवशी आमच्यातल्या एकीच्या जागी एक पोळ्या करणारी होती, टेमघरात पाच घरच्या पोळ्यांची तिची कामं बांधलेली. ती पहिल्यांदाच माझ्यासोबत वर आली होती. विजांना ती फार घाबरते. वाटेतच थांबत होती, तर मीच तिला म्हटलं होतं, "चल गं, वर आमचं आहे ना."

वर आमचं होतं. चार भिंती, पत्रा आणि कुलूप. पडवी नसल्यामुळे भिंतीला चिकटून उभं राहिलं तरी छपराचं सगळं पाणी डोक्यावर पडत होतं. वीज चमकत असताना लोखंडी शटरला पाठ लावायचीही भीती. आमच्याआधी तिथे एक म्हातारी गवताच्या दोन भाऱ्यांमध्ये अंग चोरून बसली होती. ती बाबांच्या वेळेपासून आमचं गवत कापते, आम्ही तिला मावशी म्हणतो. मला बघून उठलीसुद्धा नाही. म्हणाली, "तुज्या बापाच्या खोपीत आमी धा जनी बसायचो. आता बग, एकीला बसाय जागा न्हाय."

मी दगड उचलला आणि कुलपावर घातला. कुलूप चांगल्यापैकी होतं, गोदामाचं होतं, ते हललंसुद्धा नाही. माझीच बोटं सोलली. शेवटी भर पावसात उतरायचं ठरवलं, आणि ओढ्याजवळ पोळ्यावालीचा पाय घसरला. पडताना तिने हात टेकला आणि मनगट मोडलं. उजवं. सहा आठवडे प्लास्टर, तेवढे दिवस पोळ्या बंद, आणि पाचातली दोन घरं तेवढ्यात दुसरीकडे लागली. ती मला एका शब्दाने बोलली नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

त्याच संध्याकाळी चिखलाच्या पायांनी मी दादाच्या दिवाणखान्यात उभी राहिले. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. बाबांच्या नावाने तू बाबांनाच बाहेर काढलंस, एवढं आठवतं. दादाने ऐकून घेतलं. मग तो आत गेला, चावी घेऊन आला आणि माझ्या हातात ठेवली. "बाय, तू उगाच रडू नको. आजपासून चावी तुझ्याकडं. तुझा नंबर लिहून घेतो."

इथे मला थांबून एक कबूल करायचं आहे. ती चावी हातात आली तेव्हा मला बरं वाटलं. लग्नानंतर माहेरची एक वस्तू पहिल्यांदाच कोणीतरी मला दिली होती. मी शटर काढायला सांगायला गेले होते आणि चावी घेऊन परत आले, आणि रिक्षात बसून मला असंच वाटत होतं की मी जिंकले.

दुकानात शिलाई मशीनच्या वर एक खिळा आहे, तिथे ती चावी लटकू लागली. फोन यायला लागले. किती जण आहात, कुठून येताय, मुक्काम करणार का, मुली आहेत का सोबत, असं मी विचारू लागले. सुरुवातीला काळजीने विचारायचे. मग मला सवय लागली. ठाण्याचा एक ग्रुप होता, गोड बोलायचे, आधी मेसेज टाकायचे, त्यांना मी हसत चावी दिली आणि गूळपोळीसुद्धा दिली. कॉलेजची पोरं-पोरी मिळून येणार होती, त्यांना मी सांगितलं की तुमच्यापैकी एकाच्या आईशी बोलणं करून द्या. एक जण चावी दोन दिवस उशिरा घेऊन आला तर त्याला मी दुकानाच्या पायरीवर उभं करून झापलं. मावशी गवताच्या दिवसांत एकदा चावी मागायला टेमघरपर्यंत आली होती. मी तिला चहा दिला, चावी दिली आणि संध्याकाळी आठवणीने परत आण म्हणाले. ऐंशीला टेकलेल्या बाईला मी दोन वेळा एसटीचा प्रवास करायला लावला. तेव्हा मला त्यात काही वावगं दिसलं नाही.

फेब्रुवारीत एक फोन आला. माणूस हिंदीत बोलत होता, मागे लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा, खडखडाट चालू होता, त्यामुळे ओरडून बोलत होता. "मैडम, शुक्र को लूम बंद रहता है. घरवालों को लेके ऊपर जाना है. चाबी मिलेगी क्या?" मी नेहमीचे प्रश्न विचारले. बायको, आई आणि छोटी मुलगी. कुठे राहता, त्याने सांगितलं. नाव काय, त्याने सांगितलं.

आणि मी म्हटलं, "शुक्र को नहीं मिलेगी. ऊपर काम चालू है."

वर काही काम चालू नव्हतं. चावी माझ्या डोळ्यांसमोर खिळ्याला होती. तो म्हणाला, "ठीक है मैडम, शुक्रिया," आणि फोन ठेवला.

मी नाही का म्हटलं ते मला त्याच क्षणी माहीत होतं. उगाच आढेवेढे घेत नाही. नाव ऐकून म्हटलं. माझ्या दुकानाची निम्मी गिऱ्हाइकं त्याच वस्तीतली आहेत. त्यांच्या मुलींच्या लग्नाचे कपडे मी शिवलेत, ईदचा शीरकुर्मा माझ्या घरी डब्यातून येतो आणि मी डबा रिकामा परत करत नाही. हे सगळं असताना नाव ऐकल्याबरोबर माझ्या तोंडून खोटं निघालं, आणि इतकं सहज निघालं की पुढच्या मिनिटाला मी काजं करायला घेतली.

रविवारी दादाकडे जेवायला गेले होते. बोलता बोलता मी ते सांगितलं. का सांगितलं कोण जाणे, मनात सलत असावं. दादाने माझ्या ताटात कोलंबीचं कालवण वाढलं आणि म्हणाला, "बरं केलंस. आता कळलं ना तुला, कुलूप कशाला लागतं?"

त्याने ते टोमण्याने म्हटलं नव्हतं. तो खूश झाला होता. इतक्या वर्षांत मी त्याच्यासारखं काहीतरी केलं म्हणून त्याला माझं कौतुक वाटलं होतं. दादावर मी चार महिने संतापले होते, येईल त्या गिऱ्हाइकाला त्याच्या कुलपाची गोष्ट सांगत होते, आणि त्याने ते कुलूप निदान दारूच्या बाटल्या बघून तरी लावलं होतं. मी कशासाठी लावलं? लाज वाटली असं लिहिणं फार सौम्य होईल. मला माझ्या थोबाडीत मारावीशी वाटली.

दुसऱ्या दिवशी मी दुकानाच्या शटरला तेलपाणी करणाऱ्या मिस्त्रीला बोलावलं आणि म्हटलं, एक शटर काढायचं आहे. त्याला वाटलं माझ्या दुकानाचं. डोंगराचं नाव ऐकल्यावर त्याने माझ्याकडे नीट बघून घेतलं, पण आला. मंगळवारी दुकान बंद ठेवून मी त्याला आणि त्याच्या दोन माणसांना वर घेऊन गेले. बोल्ट गंजून बसले होते. अर्धा दिवस पाने आणि हातोडे चालले. शेवटी शटर एका बाजूने सुटलं आणि जो आवाज झाला, तो खाली गावापर्यंत गेला असणार, कारण मी उतरून रेंजमध्ये येते न येते तोच दादाचा फोन.

"बाबांचं नाव हाय त्याच्यावर! तू तोडफोड करतंस?"

मी म्हटलं, नाव पाटीवर आहे, पाटी जागच्या जागी आहे.

"उद्या दारुडे येऊन बसले की मग मला सांगू नकोस."

मी म्हटलं, नाही सांगणार. त्याने फोन कापला. तेव्हापासून तो माझ्याशी बोललेला नाही. दारुडे आलेही. एकदा बाटल्या मीच झाडल्या, एकदा मावशीने झाडल्या आणि त्यांच्या आयाबहिणींचा उद्धार केला. उघड्या बाजूने पाऊस आत येतो, त्याचं काय करायचं ते मला अजून सुचलेलं नाही. बहुतेक गवताचं छप्पर पुढे ओढून घ्यावं लागेल, आणि तसं शाकारायला आता गावात मावशीशिवाय कोणाला येतं की नाही शंका आहे.

शटर उतरलं त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशीही नाही, तिसऱ्या दिवशी मी त्या माणसाचा नंबर शोधला. दोन दिवस मी धीर गोळा करत होते. काय सांगायचं ते मनात घोकलं होतं. काम पूर्ण झालं आहे, असं सांगता आलं असतं, म्हणजे पहिलं खोटंसुद्धा झाकलं गेलं असतं. फोन लागल्यावर ते जमलं नाही. मी सांगून टाकलं की त्या दिवशी वर काही काम नव्हतं. मी खोटं बोलले होते. माफ करा. आता तिथे दार नाही, कधीही जा, कोणाला विचारू नका.

मागे लूम चालूच होते. मला वाटलं त्याला ऐकू गेलं नसेल. मग आवाज कमी झाला, तो बाहेर आला असावा.

"हम लोग तो हो आए मैडम, उसी शुक्र को," तो म्हणाला. "सोचा, काम चल रहा है तो बाहर बैठ जाएँगे. धूप बहुत थी. अम्मी के लिए दुपट्टा तान दिया था."

मी मशीनवरचा पाय काढून घेतला.

"बच्ची शटर बजाती रही. पूछ रही थी, अंदर कौन है, खोलता क्यों नहीं."

"मग?" मी मराठीतच विचारलं.

"मैंने बोला, सो रहे होंगे बेटा, काम करके थक गए होंगे."